मवाळ गळा, जहाल दस्तऐवज

अन्यायाविरुद्ध गाणाऱ्या कलावंताचा आवाज करडा, शब्द जळजळीत आणि मुद्रा उग्र असलीच पाहिजे, असा संकेत रसिकांच्या आणि टीकाकारांच्याही मनात इतका घट्ट बसलेला असतो की, जो तो पाळीत नाही त्याच्या निष्ठेविषयीच शंका घेण्याची वहिवाट पडून जाते. शिकागोचा कृष्णवर्णीय गायक आणि गीतकार कर्टिस मेफिल्ड हा या वहिवाटीचा ठळक बळी होय. जेम्स ब्राऊनचा हुंकार ज्यांच्या कानांत घुमतो आहे, नीना सिमोनचा धगधगता संताप ज्यांनी ऐकला आहे, त्यांना मेफिल्डचा तो नैसर्गिक पट्टीच्या वर अलगद चढवलेला, पातळ, जवळजवळ कुजबुजता गळा ऐकून वाटते की, हा गृहस्थ भला आहे, सश्रद्ध आहे, परंतु लढवय्या नव्हे. आपल्याकडच्या वाचकाला तर कृष्णवर्णीय अमेरिकेची ओळख बव्हंशी ब्लॅक पँथरांच्या वळलेल्या मुठीतून झाली. त्यांच्याच नावावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली. तेव्हा त्या समाजाच्या संगीतातही त्याने तीच मूठ शोधावी, हे स्वाभाविक आहे. स्वाभाविक आहे, पण न्याय्य नाही.

मेफिल्डचा पिंड कोठे घडला हे आधी पाहिले पाहिजे. ३ जून १९४२ रोजी जन्मलेला हा मुलगा वाढला तो शिकागोच्या दारिद्र्यात, काही वर्षे काब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीत, आणि गाऊ लागला तो आपल्या आजीच्या लहानशा प्रार्थनामंदिरात, जेथे ती स्वतःच धर्मोपदेशिका होती. गिटार त्याला कोणी शिकवली नाही. पियानोच्या काळ्या पट्ट्या बोटांच्या परिचयाच्या, म्हणून त्याने गिटारच्या तारा त्या पट्ट्यांच्या स्वरांत लावल्या आणि शास्त्राला नामंजूर असलेली ती जुळणी जन्मभर सोडली नाही. पेटीवर हात बसलेले वाचक यातले मर्म चटकन ताडतील : काळी तीनचा षड्ज धरून केवळ काळ्या पट्ट्यांवर बोटे फिरवली की हाती येतो तो भूपाचा स्वरसमूह, मेफिल्डच्या मोकळ्या तारा त्याच काळी तीनच्या सा, ग, प या स्वरांत बोलत. त्याच्या वादनातला निर्मळ गोडवा स्वभावाच्या दुबळेपणातून नव्हे, या जुळणीतून आलेला आहे, आणि जिमी हेंड्रिक्ससारख्या वादळी वादकानेही त्या गोडव्याचे ऋण घेतले आहे.

‘द इम्प्रेशन्स’ या गायकत्रयीसाठी मेफिल्डने १९६४ साली ‘कीप ऑन पुशिंग’ आणि १९६५ साली ‘पीपल गेट रेडी’ ही गाणी रचली आणि नागरी हक्कांच्या चळवळीने ती आपलीशी केली. आक्षेपकांचे म्हणणे असे की, यांतले दुसरे गाणे आगगाडीच्या रूपकावर चालणारे निव्वळ भक्तिगीत आहे. ते पीडितांना धीर देते, पीडकाला काही विचारीत नाही. कृष्णवर्णीयांच्या स्तोत्रपरंपरेत ही गाडी स्वर्गाची वाट असते तशी गुलामीतून निसटण्याचीही वाट असते, एवढे ध्यानात घेतले तरी या म्हणण्यातला अर्धा जोर ओसरतो. उरलेला अर्धा गाणेच ओसरवते. त्या गाडीला तिकीट लागत नसले तरी प्रवेश सर्वांना मोकळा नाही : स्वतःपुरते पाहून साऱ्या मानवजातीला दुखावणाऱ्या पाप्याला तीत जागा नाकारलेली आहे, आणि हा नकार इतक्या सौजन्याने उच्चारलेला आहे की, बेसावध श्रोता मान डोलावून पुढे जातो. ज्या महाराष्ट्रात तुकोबांनी अभंगांतूनच दांभिकांची सालपटे काढली, तेथे तरी भक्तीची भाषा म्हणजे शरणागतीची भाषा असा समज नसावा.

शिवाय सत्ताधाऱ्यांच्या बाजूचे कान आक्षेपकांपेक्षा तिखट असतात. १९६७ अखेर स्टुडिओत श्रोते जमवून, त्यांच्या टाळ्यांसह मुद्रित केलेले ‘वुई’र अ विनर’ लावण्याचे काही नभोवाणी केंद्रांनी नाकारले. त्यांना त्या मृदू स्वरातला मजकूर नीट कळला होता. आणि १९७० साली इम्प्रेशन्समधून बाहेर पडल्यावर मेफिल्डने पहिल्या स्वतंत्र ध्वनिमुद्रिकेचा आरंभ केला तो घरघरणाऱ्या बास गिटारने, किंकाळीने, आणि काळ्या-गोऱ्या सर्वांना एकाच नरकाच्या वाटेवर बसवून, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे नाव घेत. यालाही मवाळ म्हणायचे असेल तर जहाल कशाला म्हणावे याचा तपशील आक्षेपकांनीच द्यावा.

‘सुपर फ्लाय’विषयीचा आक्षेप मात्र उडवून लावण्याजोगा नाही. धाकट्या गॉर्डन पार्क्स यांनी दिग्दर्शित केलेल्या १९७२ सालच्या या चित्रपटाचा नायक प्रीस्ट हा न्यू यॉर्कमधला कोकेनचा व्यापारी. त्याचे लांब कोट, त्याची ऐटबाज मोटार, गळ्यात लटकणारा क्रूसाच्या घाटाचा कोकेनचा चमचा हे सारे छायाचित्रकाराने इतक्या मायेने टिपले आहे की, कृष्णवर्णीयांच्या संघटनांनी चित्रपटाचा निषेध केला तो यथायोग्यच होता. मेफिल्डवरील फिर्याद अशी की, ज्या विषाविरुद्ध तो गात होता त्याच विषाला त्याने मधुर वेष्टण पुरवले आणि वर अमाप पैसा मिळवला. पैसा मिळाला, हे निर्विवाद. त्या गाण्यांची ध्वनिमुद्रिका अमेरिकेच्या खपाच्या यादीत पहिल्या स्थानावर जाऊन बसली. परंतु हा चित्रपट कोकेनच्या जाहिरातीसारखा दिसतो हे पहिल्यांदा बोलून दाखवणाऱ्यांत खुद्द मेफिल्ड होता, आणि त्याने जे केले ते संगीताच्या इतिहासात विरळा आहे : चित्रपटासाठी रचलेल्या गाण्यांतूनच त्याने चित्रपटाविरुद्ध कैफियत दाखल केली.

फ्रेडीचेच पाहा. चित्रपटात तो प्रीस्टचा एक दुय्यम हस्तक. पोलिसांच्या माराने तोंड उघडतो, पळू लागतो आणि मोटारीखाली सापडून मरतो. पटकथा त्याच्यासाठी क्षणभरही थबकत नाही. तिला नायकाच्या पुढच्या सौद्याची घाई आहे. मेफिल्ड थबकला. ज्याला चित्रपटाने टाकून दिले त्याच्याच नावाने त्याने आपले प्रमुख गाणे रचले, आणि त्यात त्या मृत्यूचा हिशेब केवळ पोलिसांकडे किंवा दैवाकडे नव्हे, त्याला वापरून घेणाऱ्या सर्वांकडे मागितला. निर्मात्यांनी पडद्यावर या चालीची वाद्यरचना तेवढी ठेवली, शब्द घेतले नाहीत. त्यापायी हे गाणे ऑस्करच्या स्पर्धेतूनही बाद ठरले. पण ध्वनिमुद्रिका चित्रपटाच्या आधीच बाजारात आली होती. चित्रपटगृहातल्या काळोखात ती चाल सुरू झाली की, प्रेक्षकाच्या मनात गाळलेले शब्द आपोआप वाजू लागत, आणि पडद्यावरच्या ऐटीला खाली बसलेल्या माणसाच्या स्मरणातून उत्तर मिळे. ‘पुशरमॅन’ हे गाणे तर मेफिल्ड पडद्यावर स्वतःच गातो. ते विक्रेत्याच्या तोंडचे आत्मनिवेदन आहे, आणि गिऱ्हाइकाच्या यच्चयावत नात्यांवर तो ज्या थंडपणे हक्क सांगतो त्या थंडपणातच त्याचा धिक्कार आहे. त्याची लय मात्र इतकी मोहक साधली आहे की, पुष्कळांनी उपरोध सांडून ऐट तेवढी उचलली. हा दोष मी नाकारीत नाही. उपरोधाने लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो पत्करावा लागतो.

राहिला धनलोभाचा आरोप. मेफिल्डने आपल्या गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क अगदी तरुणपणापासून स्वतःकडे राखले, आणि १९६८ साली एडी थॉमस या सहकाऱ्यासह कर्टॉम ही ध्वनिमुद्रण कंपनी काढली. समाजासाठी गाणाऱ्याने मालकी हक्काची एवढी आस का धरावी, असे विचारणाऱ्यांना त्या काळातली रीत ठाऊक नसावी : कृष्णवर्णीय गायकाने गाणे रचावे, किरकोळ रकमेवर सही करावी, आणि त्याचे उत्पन्न पिढ्यान् पिढ्या दुसऱ्याच्या दप्तरी जमा व्हावे. ज्या समाजाची देहावरची मालकीसुद्धा एके काळी खरेदीखताने ठरत असे, त्यातल्या माणसाने आपल्या स्वरांची मालकी आपल्या नावे नोंदवून घेणे हे त्याच्या गीतांइतकेच राजकीय कृत्य होते. ही मालकी निर्वेध नव्हती. कर्टॉमचे वितरण आधी बुद्दा आणि पुढे वॉर्नर या बड्या कंपन्यांकडेच होते. ती निष्कलंकही नव्हती. ‘सुपर फ्लाय’च्या वाद्यमेळाचे संयोजक जॉनी पेट यांनी त्यातल्या दोन वाद्यरचना आपल्या असल्याचा दावा केला, आणि श्रेयाच्या बाबतीत मेफिल्ड जितका सावध होता तितका उदार नव्हता, असेच म्हणावे लागते.

१९७५ च्या ‘देअर’ज नो प्लेस लाइक अमेरिका टुडे’ या ध्वनिमुद्रिकेचे वेष्टणही त्याच्या बाजूने साक्ष देते. मोटारीतून हसत चाललेल्या गोऱ्या कुटुंबाचा भलामोठा जाहिरातफलक, आणि त्याखाली मदतीसाठी रांगेत उभे असलेले कृष्णवर्णीय स्त्रीपुरुष, असे मार्गारेट बर्क-व्हाइट यांनी १९३७ च्या लुईव्हिलच्या महापुरात टिपलेले छायाचित्र समोर ठेवून ते चित्र रंगवले आहे. आतली गाणी हळू, ओकीबोकी, जवळजवळ उपाशी वाटावीत अशी आहेत. बाजार तोवर नृत्यगीतांकडे वळला होता आणि या ध्वनिमुद्रिकेला ‘सुपर फ्लाय’च्या खपाची सर आली नाही. ज्याला केवळ पैसा हवा असतो तो हे वेष्टण निवडीत नाही.

१३ ऑगस्ट १९९० रोजी ब्रुकलिनमधील उघड्या मंचावर दिव्यांचा मनोरा अंगावर कोसळून मेफिल्डचे मानेखालचे सर्वांग लुळे पडले. गिटार संपली. तरीही १९९६ साली त्याची ‘न्यू वर्ल्ड ऑर्डर’ ही ध्वनिमुद्रिका निघाली. उताणे पडल्यावरच फुफ्फुसांत पुरेसा वारा भरे, म्हणून त्याने ती पडून, एकेक ओळ तोडून गायली. २६ डिसेंबर १९९९ रोजी तो वारला.

त्याचा वारसा विचाराल तर जमैकात पाहावे. तिथल्या तरुण गायकत्रयींनी इम्प्रेशन्सच्या ध्वनिमुद्रिका घोकून आपले स्वर जुळवले. बॉब मार्ले आणि वेलर्स त्यांतलेच. १९६५ साली त्यांनी ‘वन लव्ह’ गायले तेव्हा मेफिल्डच्या गाण्याचा अंश त्यात होता, नाव नव्हते. १९७७ साली ‘एक्सोडस’मध्ये मार्लेने तेच गाणे पुन्हा मुद्रित केले, तेव्हा त्याचे शीर्षक ‘वन लव्ह / पीपल गेट रेडी’ असे छापावे लागले आणि रचनाकारांत मेफिल्डचे नाव नोंदवावे लागले.