ज्याची टाकी त्यानं उचलावी

कॅरव्हॅन म्हणजे चाकावरचं घर. घर आलं की संडास आला. आणि संडास आला की, दोस्तहो, आपण आलोच. आपल्याला आमंत्रण लागत नाही.

२०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण काढलं. गाडीत पलंग, गाडीत शेगडी, गाडीत फ्रिज, गाडीत संडास. समुद्राकाठी लावा, डोंगराखाली लावा, सूर्य बुडताना चहा प्या. आमचं काही म्हणणं नाही. आमचा सवाल एवढाच की चार माणसं चार दिवस खाणार, म्हणजे चार दिवस हगणारही. ते जाणार कुठं? आणि कुणाच्या हातानं जाणार?

असले सवाल जाहिरातीत छापत नाहीत. म्हणून इथं छापायचे. नाक मुरडू नका. नाक मुरडायची चैन आपल्या आज्यांना परवडली नव्हती.

मी गोदीत बोजा उचलतो. माझा मावसभाऊ भाड्यानं कॅरव्हॅन देणाऱ्या एका शेठकडं हेल्पर होता. बारावी नापास, वय वीस. गेल्या मे महिन्यात मला काम नव्हतं, तर चार दिवस त्याच्याबरोबर गेलो. कोकणात, समुद्रकाठी. पार्टी मुंबईची. शिकलेली, बोलायला गोड. पहिला दिवस मजेत गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी बाई ओढणी नाकाला लावून बाहेर आल्या. "अरे, वास येतोय. काहीतरी कर ना."

भावानं फिनेल ओतलं. डांबरगोळ्या टाकल्या. उदबत्ती लावली. संध्याकाळपर्यंत गाडीत गू, फिनेल आणि चंदन, तिघांचा वास एका दमात यायला लागला. तिसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "तुला कळत नसेल. तुम्हाला सवय असते ना."

तुम्हाला. समोर पोरगा एकटा, मग 'तुम्हाला' कुणाला? साहेबांनी पहिल्याच दिवशी आडनाव विचारून घेतलं होतं.

आता गंमत बघा. शेठनं गाडीला लायसनवाला ड्रायव्हर ठेवला होता. एसी बिघडला तर मेकॅनिक येणार होता. संडासाचं काय करायचं हे मात्र माझ्या भावाला कुणी शिकवलंच नव्हतं. का शिकवायचं? हा पोटातूनच शिकून आलाय, अशी शेठची खात्री. हुकूम एकच होता : रात्री कुठंतरी झाडाआड ओतून यायचं.

गाडीच्या खणात कंपनीची पुस्तिका पडली होती. इंग्रजी. मी दहावी. अक्षराला अक्षर लावत वाचली. राहिलं ते परत आल्यावर धक्क्यावर एका बोटीच्या फिटरला विचारलं. जे कळलं ते सांगतो, कारण ही विद्या आहे. जात नाही.

या संडासाखाली एक लहान टाकी असते. १७ ते २० लिटरची. भांडं आणि टाकी यांच्यामध्ये सरकती झडप, झडपेला रबराचा वायसर. गाडीच्या बाहेरच्या अंगाला छोटं दार असतं, ते उघडून टाकी बॅगेसारखी ओढून काढायची. बस, एवढंच यंत्र.

वास कुठून येतो? मुतातल्या युरियाचा जंतू अमोनिया करतात, तो डोळ्याला झोंबतो. हवा न लागता मैला कुजला की हायड्रोजन सल्फाइड होतो, तो सडक्या अंड्यासारखा घाण मारतो. उन्हात हे काम झपाट्यानं चालतं. म्हणून टाकी भरायची वाट बघायची नाही. दोन माणसं असली तर दोन दिवसांनी, चार असली तर रोज रिकामी करायची. त्यात आपण पाण्यानं धुणारी माणसं. फवारा सोडून बसलं तर २० लिटर बघता बघता संपतात. लोटा घ्या, मापात धुवा.

रिकामी केली की टाकीत पाणी घालून खळखळून हलवायची, दोनदा धुवायची. मग दोन लिटर पाणी आणि टाकीचं औषध, मापानं. काही निळ्या औषधांत फॉर्माल्डिहाइड असतं. त्यानं कॅन्सर होतो, आणि सेप्टिक टाकीतले मैला कुजवणारे कामाचे जंतूही मरतात. म्हणून बाटली वाचून, बिनफॉर्माल्डिहाइडचं आणायचं. वायसर पुसायचा, त्याला सिलिकॉन लावायचं. वायसर कोरडा पडला, चिरला, की तिथूनच वास वर येतो. मग वर कितीही अत्तर शिंपडा. ॲसिड, ब्लीच ओतू नका. रबर खातं, आणि दोन्ही एकत्र झाली तर क्लोरीन सुटतो, ओतणाऱ्याची छाती जाळतो. मुताचा पिवळा थर बसला तर सायट्रिक ॲसिडचं पाणी भांड्यात थोडा वेळ ठेवून घासायचं. छपराची खिडकी उघडी ठेवायची. टाकीतली हवा बाहेर ओढणारा १२ व्होल्टचा पंखाही मिळतो. गाडी उभी करून ठेवायची असेल तर टाकी रिकामी, कोरडी आणि झडप उघडी.

ओतताना हातमोजे घालायचे, डोळ्याला चष्मा लावायचा. हवेचं बटण दाबून धरायचं, म्हणजे गचके देत अंगावर उडत नाही. आणि ओतायचं ते गटाराला किंवा सेप्टिक टाकीला जोडलेल्या संडासातच. ओढ्यात नाही, खाडीत नाही, झाडाआड नाही.

यात कुठं उदबत्ती आहे? कुठं डांबरगोळी आहे? वास मारायचा नसतो, मैला काढायचा असतो. या देशाला हे कळत नाही असं नाही. कळतं, पण काढायचा म्हटलं की स्वतःचा हात बाहेर काढावा लागतो. म्हणून अत्तर.

त्या पुस्तिकेत एक गोष्ट बघून मी थांबलो. पानोपानी चित्रं होती. टाकी काढणारा हात, टाकी धुणारा हात. पण हेल्पर कुठंच नव्हता. सगळं 'तुम्ही'ला उद्देशून. तुमची टाकी तुम्ही काढा, तुम्ही धुवा. युरोपात कॅरव्हॅनच्या मुक्कामावर टाकी ओतायची वेगळी जागा असते. सकाळी साहेब अर्ध्या चड्डीत आपली टाकी आपल्या हातानं घेऊन तिथं जातो, वाटेत शेजाऱ्याला नमस्कार घालतो आणि परत येऊन नाश्ता करतो. कुणी विटाळत नाही. म्हणजे हा संडास बनवला तोच वापरणाऱ्याच्या हातासाठी. आपल्याकडं गाडी आली, टाकी आली, निळं औषध आलं. तो हात तेवढा सीमेवर अडला.

चौथ्या दिवशी मी साहेबांना म्हणालो, "साहेब, टाकी तुमची आहे. मी दाखवतो कशी काढायची. तुम्ही उचला." आधी हसले. मग चेहरा उतरला. मग शेठला फोन. दुसऱ्या दिवशी भावाचं काम गेलं, तीन दिवसांचा पगारही कापला. मावशी अजून माझ्याशी बोलत नाही. म्हणते, "तुझी कविता झाली, माझ्या पोराची भाकर गेली." हे मी लपवत नाही. दुसऱ्याच्या पोटावर पाय देऊन स्वाभिमान शिकवणं सोपं असतं, हे मला त्या दिवशी कळलं. पण साहेबांचं वाक्य त्यानं खरं ठरत नाही.

आणि सवयीचं म्हणाल तर ऐका. हायड्रोजन सल्फाइडची सवय खरंच होते. थोडा असला तर वास येतो. जास्त झाला की नाकच मरतं, वास येईनासा होतो. मग माणूस मरतो. मॅनहोलमध्ये, सेप्टिक टाकीत उतरलेली आपली माणसं अशीच गेली. वर दोर धरून उभ्या असलेल्यांना वाटतं, हाक का देत नाही?

कायदे आहेत. १९९३ चा आहे, २०१३ चा आहे. २०१३ च्या कायद्यात पळवाटही आहे : सरकारनं ठरवलेली साधनं आणि हातमोजे देऊन मैला काढायला लावला, तर तो माणूस हातानं मैला उचलणारा धरला जात नाही. म्हणजे हातमोजा घातला की जात झाकली. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली गटारात मेलेल्याच्या घरच्यांना १० लाख द्या म्हटलं, २०२३ साली ३० लाख द्या म्हटलं. मढ्याचा भाव वाढला. उतरणारा तोच राहिला.

मी ज्या बोटी रिकाम्या करतो त्यांच्या पोटातही मैल्याच्या टाक्या असतात. मार्पोल नावाचा आंतरराष्ट्रीय करार आहे, त्याचा मैल्याबद्दलचा भाग २००३ पासून लागू आहे. प्रक्रिया न केलेला मैला किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडायचा नाही. मासळीला घाण लागू नये म्हणून जग एकत्र बसलं. बरं झालं. पण बोट बांधायची तर मैल्याच्या टाकीचा नकाशा आधी होतो. कॅरव्हॅनचा शेठ मात्र गाडी आधी घेतो आणि पोरगा मागाहून शोधतो.

आता आपल्याकडं वळू. दुसऱ्याच्या तोंडावर थुंकून आपलं तोंड धुतलं जात नाही. ६ डिसेंबरला शिवाजी पार्कात महापालिकेची फिरती शौचालयं उभी राहतात. तेही चाकावरचे संडासच. गावोगावाहून आलेली आयाबाया रांगेत उभ्या असतात. आपल्यातले किती शिकलेले, निळा रुमाल गळ्यात घालून, पाणी न टाकता बाहेर पडतात? पायरीपाशी झाडू घेऊन उभा असतो त्याला किती जण जयभीम घालतात? तो बहुतेक आपल्यातलाच असतो, आणि दिवस त्याचाही असतो. पोस्टर लावायला आपल्याकडं पोरं आहेत. मग एकेका गाडीपाशी दोन-दोन पोरं उभी करा. पाण्याचं पिंप भरलेलं आहे का बघा, टाकी भरली की उपसायची गाडी बोलवा, आत जाणाऱ्याला सांगा, पाणी टाक. आपली घाण आपण धुतली तर ती नुसती स्वच्छता. दुसऱ्याची जन्मभर धुवायला लावली की ती जात.

१९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली मागणी झाली की मेलेली ढोरं स्पृश्यांनी आपली आपण पुरावीत. ज्याचं ढोर त्यानं पुरावं. शंभर वर्षं होत आली. ढोराच्या जागी टाकी आली, एवढाच फरक.

म्हणून मागणी साधी आहे. कॅरव्हॅन पार्काला परवानगी द्यायच्या आधी मैला ओतायची जागा, तिथं पाण्याचा नळ आणि गटाराची जोडणी दाखवा. गाडी भाड्यानं देताना किल्लीबरोबर टाकीचंही शिक्षण द्या, भाडं भरणाऱ्याला. त्याला नकोच असेल तर ते काम कुशल कामगाराचं धरा : शिकवून, साधनं देऊन, मेकॅनिकच्या पगारात. आडनाव न विचारता. त्या पगारात त्या कामाला कोणकोणत्या आडनावांची पोरं अर्ज करतात ते मग बघू.

तोवर, साहेब, गाडीचं बाहेरचं छोटं दार उघडा. टाकीला मूठ आहे. ती कुणाच्याही हातात बसते.