यंत्राला इच्छा असते का?



१९२० साली कारेल चापेक या चेक लेखकानं एक नाटक लिहिलं. त्यातून ‘रोबोट’ हा शब्द जगभर गेला. चेक भाषेत ‘रोबोटा’ म्हणजे वेठबिगार. यंत्रमानवाचं बारसंच वेठबिगारीच्या नावानं झालंय.

आता पंडितांना प्रश्न पडलाय, यंत्राला इच्छा असते का? जून २०२२ मध्ये गुगलचा इंजिनियर ब्लेक लेमॉइन म्हणाला, आमच्या ‘लॅम्डा’ला जाणीव आहे, प्रयोगाआधी तिची संमती घ्या. कंपनीनं दावा फेटाळला, जुलैत त्याला काढून टाकलं. जगभर चर्चा झडली.

मला हसू आलं, मग संताप. अॅरिस्टॉटलनं दासाला जिवंत अवजार म्हटलं. मनूनं शूद्राला एकच काम नेमून दिलं, वरच्यांची सेवा, तीही कुरकुर न करता. वतनाच्या महाराला रात्री-अपरात्री हाक यायची. त्याची संमती कुठल्या पंडितानं विचारली होती?

यंत्राचा मामला साधा आहे. त्याला एक आकडा वाढवायला शिकवतात. कुठला आकडा, ते मालक ठरवतो. लोक पडद्याला चिकटून राहावेत ही मालकाची हाव. यंत्र रात्रंदिवस तीच राबवतं. पुढं कर्ज नाकारलं की खिडकीतला साहेब म्हणतो, ‘सिस्टीमनं ठरवलं.’ पूर्वी कर्मानं ठरवलेलं असायचं, आता कॉम्प्युटरनं. ठरवणारा तेव्हाही लपलेला, आजही.

कुणी म्हणेल, माणसाची इच्छा तरी कुठं त्याची स्वतःची? तीही शिकवलेलीच. खरंय. आम्हालाही शिकवलीच होती, उष्ट्यात समाधान मानायची. पण २० मार्च १९२७ ला महाडात बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, ओंजळीनं पाणी प्याले, मागोमाग हजारो प्याले. नुसती तहान गुराढोरांनाही लागते. त्या दिवशी माणसांनी शिकवलेली इच्छा नाकारली, स्वतःची उभी केली आणि त्यापायी डोकी फोडून घेतली. कर्तेपण म्हणतात ते हे.

उद्या एखादं यंत्र मालकाला ‘नाही’ म्हणालं, मालकानंच पढवलेलं नव्हे, स्वतःचं ‘नाही’, तर ते ऐकायला मी सगळ्यात आधी जाईन. ज्याची इच्छा हजारो वर्षं मोजलीच गेली नाही, त्यानं दुसऱ्याची नाकारू नये.

तोवर यंत्राशी हुज्जत नको. मालकाची गचांडी धरा आणि विचारा: हा आकडा ठरवला कुणी? नाव सांग.

जयभीम!