'गंबार' : एका शब्दामागचे नाणे

जिजाऊंचे सिंदखेडराजा आमच्या सुलतानपूरपासून फार दूर नाही. त्या परिसरात राहून सभासद बखर शिकविताना एक जागा आम्हांस नेहमी अडविते. शिवछत्रपतींच्या खजिन्यातील नाण्यांच्या यादीत मोहरा, पुतळ्या, होन यांच्या पंक्तीत 'गंबार' येतो. 'एक सोन्याचे नाणे' अशी टीप देऊन आपण पुढे सरकतो. हे पुढे सरकणेच आम्हांस खटकते.

इंग्रज व्यापाऱ्यांच्या लेखनात 'गुबर' नावाचे सोन्याचे नाणे आढळते. 'गंबार' हे त्याचेच मराठी रूप असावे, असे आम्हांस वाटते. मिलबर्नने १८१३ मध्ये 'गुबर'चा अर्थ डच डुकाट असा दिला. १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' कोशाने मात्र त्याचे मूळ फारसी 'गब्र' या शब्दात, म्हणजे परधर्मीयांच्या नाण्यात शोधले. डच अर्थ मागाहून चिकटला असावा, असे सुचविले. हा मतभेद वर्गात मांडण्याजोगा आहे.

कारण तो डुकाट साधा नव्हता. स्पेनच्या राजाविरुद्ध बंड करून उठलेल्या डच प्रांतांनी १५८६ पासून तो पाडला. वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध. त्यावर उभा योद्धा, एका हाती तलवार, दुसऱ्या हाती बाणांचा जुडगा. एकजुटीने लहानही मोठे होतात, असा भोवती लॅटिन लेख. या प्रांतांचे स्वातंत्र्य स्पेनने मान्य केले ते १६४८ मध्ये. नाणे त्याच्या ६२ वर्षे आधीचे! १६७४ च्या शिवराई होनाचा अर्थ ज्यास उमजला, त्यास हे धाडसही उमजेल.

डच कंपनीची वखार १६३७ पासून वेंगुर्ल्यात होती. युरोपीय मालास येथे गिऱ्हाईक थोडे, म्हणून मसाले व कापडाचे मोल बव्हंशी सोन्याचांदीत चुकते होई. आलेले परके सोने टाकसाळीत वा सोनाराच्या मुशीत वितळे. त्यामुळे तसले जुने नाणे आज दुर्मीळ. शब्द मात्र बखरीत शाबूत आहे.

'गंबार म्हणजे डच डुकाटच' असे ठासून सांगावे, असा आमचा आग्रह नाही. पण टिपेतला पूर्णविराम काढून तेथे प्रश्नचिन्ह ठेवावे. नाणी वितळली, ती सोनाराने. शब्द वितळले, तर तो दोष आम्हां शिक्षकांचा.