आकाशाची मर्यादा आणि जमिनीवरचा न्याय

दि. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर कोसळले. २६० जणांचा बळी गेला. त्यांपैकी १९ जण विमानात नव्हे, तर जमिनीवर होते. या अपघाताचे मूळ इमारतीच्या उंचीत नव्हते. तथापि विमानतळालगतच्या वस्तीचा प्रश्न त्यामुळे ऐरणीवर आला आणि सहाच दिवसांनी, १८ जूनला, केंद्र सरकारने उड्डाणास अडथळा ठरणारी बांधकामे पाडण्याविषयीच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला.

उंचीवरील निर्बंध नवे नाहीत. २०१५ च्या केंद्रीय नियमांनुसार विमानतळ परिसरातील बांधकामास भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते. मोठ्या विमानतळावर विमान उतरण्याच्या मार्गाखाली, धावपट्टीपासून दूर जाताना दर ५० मीटर अंतरास एक मीटर याप्रमाणे उंचीची मर्यादा वाढत जाते. म्हणजे एक किलोमीटरवर जेमतेम २० मीटर, सुमारे सहा मजले! शिवाय ही उंची समुद्रसपाटीपासून मोजली जात असल्याने टेकडीवरच्या घराच्या वाट्याला आणखी कमी मजले येतात.

मुंबईत धावपट्ट्या दोन आहेत आणि त्या एकमेकींना छेदतात. साहजिकच चारही टोकांना हे निर्बंध पसरतात. विलेपार्ले, सांताक्रूझ, कुर्ला, घाटकोपर हा सारा दाट वस्तीचा भाग. सहार, कलिना येथील आपल्या बांधवांची गावठाणे तर विमानतळाच्याही आधीची. येथील जीर्ण इमारतींतील रहिवाशांची व्यथा समजून घेतली पाहिजे. चटईक्षेत्र कागदावर मिळते, परंतु ते वापरण्यास वर जागा नसते. विकासकाला विकण्यापुरते मजले उरत नाहीत, म्हणून तो फिरकत नाही. आणि रहिवासी टेकू दिलेल्या छताखाली पावसाळे मोजत राहतात.

दुसरीकडे, जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला विमानतळानजीकच्या ४८ इमारतींचे मर्यादेबाहेरील भाग पाडण्याचा आदेश द्यावा लागला. नियम पाळणारा गळक्या घरात राहतो आणि नियम मोडणाऱ्याचे मजले न्यायालयाने हात घालीपर्यंत उभे राहतात, हे चित्र समाजाच्या नीतिमत्तेला शोभणारे नाही. त्यातही अशा मजल्यांवर घर घेणारा पुष्कळदा कर्जाचे हप्ते फेडणारा सामान्य माणूस असतो. दंड मात्र त्याच्याच छपरावर पडतो.

उंचीच्या मर्यादेत तडजोड नको, कारण तेथे शेकडो प्राणांचा प्रश्न आहे. परंतु सर्वांच्या सुरक्षिततेची किंमत मोजक्या कुटुंबांनीच का मोजावी? न वापरता येणारे चटईक्षेत्र हस्तांतरणीय विकास हक्काच्या रूपाने अन्यत्र वापरू द्यावे व त्या पैशातून जुन्या इमारतींची पुनर्बांधणी व्हावी, ही मागणी रास्त आहे. तसेच बेकायदा मजल्याची जबाबदारी प्रथम तो बांधणाऱ्यावर व त्याला परवानगी देणाऱ्यावर यावी.

घर घेणाऱ्या वाचकांना एकच विनंती : विमानतळ परिसरात करारावर सही करण्यापूर्वी ना-हरकत प्रमाणपत्रातील कमाल उंची व मंजूर नकाशा शेजारी शेजारी ठेवून पाहा. आकाशातील प्रवासी आणि जमिनीवरील रहिवासी या दोघांचेही प्राण सारखेच मोलाचे आहेत. धोरण आखणाऱ्यांनी त्यांना एकाच तराजूत तोलावे.