स्वयंपाकघरातली इर्जिक

रमझानचा चंद्र दिसण्याआधीचे आठ-दहा दिवस शहापूर, वासिंद, मुरबाडच्या मुस्लिम मोहल्ल्यांत मोठी लगबग असते. मशिदीची साफसफाई, रंगरंगोटी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. घराघरांत चाललेली लगबग मात्र दिसत नाही. चार-पाच मैत्रिणी, शेजारणी, जावा-नणंदा एकीच्या घरी जमतात. एक कांदा चिरते, दुसरी खिमा परतते, तिसरी तव्यावर समोशाची पट्टी शेकते, दोघी सारण भरून घड्या घालतात. दुपार कलेपर्यंत दोन-तीनशे समोसे, शामी कबाब, आले-लसणाचे वाटण, हिरवी चटणी, तळलेला कांदा असे सगळे डब्यांत भरून होते आणि आपापला वाटा घेऊन जो तो डबा आपापल्या घरच्या फ्रीजरमध्ये जातो.

हिंदू शेजाऱ्यांना हे काही नवल वाटायचे कारण नाही. होळी झाली की त्यांच्या अंगणातही असाच मेळा भरतो. पापडाचे पीठ कुटायला, कुरडयांचा चीक घाटायला, शेवया वळायला एकटीचे हात पुरत नाहीत. आज पहिलीकडे, उद्या दुसरीकडे, असा क्रम लागतो. यंदा तर रमझानपूर्वीचा शेवटचा रविवार महाशिवरात्रीचा होता. म्हणजे एका दारात उपवासाचा साबुदाणा भिजत होता आणि त्याच आळीत पुढच्या दारात उद्याच्या रोजांचे समोसे भरले जात होते. दोन्ही घरची बाई मात्र सारखीच घाईत होती.

घाटावरच्या शेतकऱ्यांत अशा कामाला इर्जिक म्हणतात. एकाच्या रानात सगळ्यांनी आपापली औते घेऊन जायचे, पुढे दुसऱ्याच्या रानात. मजुरी नाही, ज्याचे रान त्याने जेवू घालायचे. रमझानआधीचे हे समोसे म्हणजे स्वयंपाकघरातली इर्जिकच आहे. फरक इतकाच, की शेतातल्या इर्जिकीची गाणी झाली, स्वयंपाकघरातलीची कुणी नोंदही घेतली नाही.

या कामाची गरज का पडते, हे रोजाच्या दिवसाचा हिशेब मांडला की कळते. पहाटेचे जेवण म्हणजे सहरी. ती पहाट उजाडण्याआधी संपली पाहिजे, म्हणून घरची बाई चारच्या आत उठते. मग नमाज, मुलांची शाळा, धुणीभांडी, आणि पाण्याची वेळ असेल तर पाणी. भातसा आणि तानसा ही मुंबईला पाणी देणारी धरणे ज्या शहापूर तालुक्यात आहेत, तिथल्याच कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, हे इथल्या वाचकांना नव्याने सांगायला नको. दुपार टळली की इफ्तारची तयारी. पावणेसातच्या सुमारास सूर्य मावळला की रोजा सुटतो, मग जेवण, मग भांडी, मग रात्रीची तरावीहची लांब नमाज. ठाण्या-कल्याणला नोकरी करणारी बाई असेल तर आणखी कठीण. कसारा लोकल चुकली की आसनगावला उतरून रिक्षा पकडेपर्यंत अजान झालेली असते. मुरबाडला तर रेल्वे नाहीच. कल्याणहून एसटी मिळेल तेव्हा खरे.

अशा दिवशी फ्रीजरमध्ये भरून ठेवलेले बारा समोसे म्हणजे तासाभराची उसंत असते. तेल तापवायचे आणि तळायचे. त्या तासात ती कुराण वाचू शकते, किंवा नुसती पाठ टेकू शकते. रमझान हा इबादतीचा महिना आहे असे सगळेच सांगतात. पण घरातली एक व्यक्ती महिनाभर चुलीपुढेच उभी राहिली, तर तिच्या वाट्याला त्या महिन्यातले काय आले?

वडीलधाऱ्यांचा एक आक्षेप असतो : शिळे ते शिळेच, बरकत ताज्यात. यात तथ्य नाही असे नाही. गरम भाकरीची चव डब्यातल्या अन्नाला येत नाही. पण लोणचे, पापड, सुकट, खारवलेली कैरी हेही साठवणीचेच पदार्थ, आणि ते याच वडीलधाऱ्यांनी शिकवले. तेव्हा ऊन आणि मीठ होते, आता थंडी आहे. शिवाय बाजारात तयार गोठवलेल्या समोशांची पाकिटे मिळू लागली आहेतच. पाकिटाने कष्ट वाचतात. पण पाकीट फोडताना शेजारीण सोबत नसते. वर्षभर कुणाला न सांगितलेले दुखणे खिमा परतता परतता सांगितले जाते, त्याची किंमत कुठल्याच पाकिटावर छापलेली नसते.

बायकांच्या एकत्र हातांतून काय उभे राहू शकते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तेच आजचे लिज्जत पापड. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तिथे लाटणारी प्रत्येक बाई नोकर नसते, मालकीत भागीदार असते. प्रत्येक आळीतून लिज्जत निघावे असे नाही. पण एक गोष्ट तिथून घेण्यासारखी आहे : श्रम हेही भांडवल आहे.

हे या समोशांनाही लागू पडते. खिम्याचा आणि तेलाचा खर्च सगळ्याजणी सारखा वाटून घेतात, तेव्हा जिच्या हाती पैसा कमी ती हळूच गटातून गळते. काही निमित्त सांगते आणि येत नाही. तिच्या हातांचा वाटा धरला, पैशाचा नाही, आणि शेवटी डबा मात्र इतरांएवढाच दिला, तर ती मान वर करून घरी जाते. रस्सा करताना पाणी थोडे वाढवा आणि शेजाऱ्याची आठवण ठेवा, अशी पैगंबरांची शिकवण आहे. ती दानाच्या पावतीपेक्षा अशा डब्यातून जास्त पाळली जाते.

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. वाचलेला वेळ जातो कुठे? पुष्कळ घरांत असे होते, की समोसे तयार आहेत म्हटल्यावर त्यांच्या जोडीला आणखी दोन पदार्थांची फर्माईश येते. दस्तरखान लांबत जाते आणि बाईचा तास पुन्हा चुलीकडे जातो. तसे असेल तर हा सगळा खटाटोप बाईला मोकळे करण्याऐवजी तिच्याकडून जास्त काम करून घेण्याची सोय ठरतो. पैगंबर घरात असताना घरच्यांच्या कामात हातभार लावत आणि नमाजची वेळ झाली की उठून जात, असे हजरत आयशा यांनी सांगितल्याची नोंद सहीह बुखारीत आहे. मोहल्ल्यातल्या तरुणांनी हे केवळ वाजात ऐकून सोडून देऊ नये. कांदा चिरायला आणि कढई घासायला पुरुषांचे हात चालतात.

आणि फ्रीजर? तो सगळ्यांकडे नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे वीज कायम नाही. एका दाराच्या फ्रीजमधला वरचा कप्पा मोठ्या फ्रीजरइतका थंड होत नाही. त्यातला खिम्याचा माल आठवडाभरात संपवावा. बटाट्याचे सारण गोठवले की पाणी सोडते. खिमा, डाळ चांगली टिकते. समोसे आधी ताटात सुटे ठेवून कडक होऊ द्यावेत, मग पिशवीत भरावेत, म्हणजे चिकटत नाहीत. पिशवीवर तारीख लिहावी. वीज गेली तर दार उघडू नये, आणि एकदा मऊ पडलेला खिमा पुन्हा गोठवू नये. लगेच शिजवून खावा. ज्या घरात फ्रीज नाही तिचा डबा शेजारच्या फ्रीजरमध्ये ठेवला तर काही बिघडत नाही.

चांद्रवर्षामुळे रमझान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो. २०२५ मध्ये ३० मार्चला गुढी उभी राहिली आणि ३१ मार्चला ईद झाली. ही जवळीक आणखी थोडीच वर्षे राहील. २०३० मध्ये तर रमझान जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरात, असा एकाच वर्षात दोनदा सुरू होईल. तोवर ईद होते आणि वाळवणाचे दिवस भरात येतात, असा योग आहे. पापड लाटायला एखादी आपा आणि समोशाच्या घड्या घालायला एखादी वहिनी आली, तर दोन्ही घरांचे काम लवकर उरकेल. बोलावणे कुणीतरी आधी धाडले पाहिजे, इतकेच.