डोमेन दोन असली तरी पासवर्ड एकच हवा

कंपनीने दुसरा कारखाना विकत घेतला की पहिल्याच बैठकीत ठरतं, "सोमवारपासून तिकडच्या सगळ्यांना आपला मेल सुरू करा." तिकडचं नेटवर्क वेगळं, डोमेन वेगळं, सर्व्हर सांभाळणारी माणसंही वेगळी. मग कुणीतरी हमखास सुचवतं, "त्यात काय! आपल्या डोमेनमध्ये त्यांची खाती उघडा आणि पासवर्ड कळवून टाका." हा तोडगा चुकीचा आहे, आणि तो सोपा वाटतो म्हणूनच जास्त घातक आहे.

कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत मी त्याचं फळ पाहिलं. शिफ्ट सुपरवायझरच्या मॉनिटरखाली चिठ्ठी चिकटवलेली होती. वरच्या ओळीत तिथल्या कॉम्प्युटरचा पासवर्ड, खालच्या ओळीत पुण्याच्या, म्हणजे विकत घेणाऱ्या कंपनीच्या, मेलचा. खालचा तीनदा खोडून नव्याने लिहिलेला. विंडोजच्या ॲक्टिव्ह डिरेक्टरीत कुणी बदलली नाही तर पासवर्डची मुदत ४२ दिवसांची असते, आणि दोन डोमेनमध्ये ती एकाच दिवशी संपेल असं नाही. दिवसभर भट्टीपाशी उभ्या असलेल्या माणसाने लिहून ठेवलं तर त्याला काय बोलायचं? त्याच्यावर दोन पासवर्ड आपणच लादले.

त्याहून वाईट म्हणजे, माणूस नोकरी सोडतो तेव्हा कारखाना स्वतःच्या डोमेनमधलं खातं बंद करतो. पुण्याला पत्ताच नसतो. तो माणूस दुसऱ्या खात्यातला मेल घरी बसून उघडत राहतो.

दुसरा तोडगा मेल त्यांच्या जुन्या पत्त्यावर फॉरवर्ड करण्याचा. तो तर विचारातही घेऊ नये. उत्तर जुन्याच पत्त्यावरून जातं, ग्राहक गोंधळतो. पाठवणाऱ्याच्या वतीने भलताच सर्व्हर मेल पुढे ढकलतो, त्यामुळे पाठवणारा सर्व्हर अधिकृत आहे का हे बघणाऱ्या एसपीएफ तपासणीत तो नापास होऊन स्पॅममध्ये पडू शकतो.

योग्य मार्ग आहे लिंक्ड मेलबॉक्सचा, आणि मायक्रोसॉफ्टच्या एक्स्चेंज मेल सर्व्हरमध्ये तो कित्येक वर्षांपासून आहे. मेलबॉक्स आपल्या डोमेनमध्ये असतो, पण त्याच्याशी जोडलेलं आपल्याकडचं खातं बंद ठेवलेलं असतं. त्यावर कुणाला लॉगिन करता येत नाही. मेलबॉक्सची मालकी कारखान्याच्या डोमेनमधल्या खऱ्या खात्याला बांधलेली असते. सुपरवायझर सकाळी ज्या पासवर्डने कॉम्प्युटर उघडतो, त्यानेच मेल उघडतो. तरीही कंपनीच्या पत्तायादीत त्याचं नाव इतरांच्या ओळीत दिसतं.

यासाठी दोन डोमेनमध्ये ट्रस्ट लागतो, आणि इथे सुरक्षेची माणसं हरकत घेतात: "त्यांच्याकडे व्हायरस शिरला तर उद्या आपल्याकडेही येईल." ही भीती खोटी नाही, नव्या कारखान्याच्या सर्व्हरवर काय चाललंय हे आपल्याला खरंच माहीत नसतं. पण तिचा रोख चुकतो. ट्रस्ट एकतर्फी ठेवता येतो. आपलं डोमेन त्यांच्या डोमेनने दिलेली ओळख मान्य करतं, एवढाच त्याचा अर्थ. लॉगिन केलेल्या सगळ्यांना खुलं ठेवलेलं सोडलं, तर कुठल्या फोल्डरची, कुठल्या सर्व्हरची परवानगी त्यातून आपोआप मिळत नाही. शिवाय सिलेक्टिव्ह ऑथेंटिकेशन लावलं की ती ओळख कुठल्या सर्व्हरवर चालेल हेही आपणच ठरवतो. मेलच्या सर्व्हरपुरती परवानगी द्यायची, बाकीची दारं बंद. दुसरं खातं दिलं असतं तर? ते आपल्या डोमेनचं पूर्ण सभासद झालं असतं, आणि त्याचा पासवर्ड मॉनिटरखाली चिकटवलेला असता. यात धोका कुठला मोठा?

दोन्ही डोमेन एकत्रच का करू नयेत, असंही विचारतात. जरूर करावीत, पण मशीनवरची जुनी सॉफ्टवेअरं तिथल्या डोमेनला बांधलेली असतात आणि त्या कामाला महिने लागतात. मेल तोवर थांबत नाही.

कष्ट आहेत, हे मान्य. दोन्हीकडच्या डीएनएसला एकमेकांची नावं सापडली पाहिजेत. त्या फाउंड्रीत आम्ही हे बसवलं तेव्हा पहिला अख्खा दिवस त्यातच गेला. पण ते कष्ट एकदाच पडतात.

मार्चमध्ये त्या फाउंड्रीतले एक स्टोअरकीपर नोकरी सोडून गेले. तिथल्या आयटीच्या मुलाने संध्याकाळी त्यांचं खातं बंद केलं आणि त्याबरोबर त्यांचा मेलही बंद झाला. पुण्यात कुणाला फोनसुद्धा करावा लागला नाही.