पत्ता नसलेली बाळंतीण

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ही तीन गावे एकाच रुळावर ओवलेली आहेत आणि तिन्ही परगावाहून आलेल्यांच्या श्रमावर वाढली आहेत. उल्हासनगर तर मूळची लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी 1949 साली तिचे शहर झाले. ज्या गावाचा जन्मच आश्रयातून झाला, तेथे तरी गरोदर स्त्रीला 'तू कोठली?' हा प्रश्न अडवणार नाही, अशी आशा बाळगण्यास जागा होती. 2020 सालच्या करोनाच्या साथीत ती आशा आपण सर्वांनी मिळून फोल ठरविली.

'साथच होती, कोण काय करणार?' असे म्हणणारे सज्जन आम्हास पुष्कळ भेटतात. साथ होती हे खरे. परंतु कोणते दार आधी लावावे हे जंतू सांगत नाही. ते माणसे ठरवितात. 22 मार्चच्या मध्यरात्री उपनगरी गाड्या थांबल्या आणि 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. 15 जूनला गाड्या सुरू झाल्या त्या अत्यावश्यक सेवेतील नोकरांसाठी. सर्वसाधारण स्त्रियांना गाडीत प्रवेश मिळाला तो 21 ऑक्टोबरला, आणि तोही ठराविक वेळांपुरता. मार्चमध्ये जिला तिसरा महिना होता, तिचे बाळंतपण तोवर उरकूनही गेले असेल. ते कोठे आणि कोणाच्या हाताने झाले, याची विचारपूस आपण केली काय? अवघड बाळंतपणासाठी कळव्यास वा मुंबईस जावे लागते, हे बदलापूरकरांस सांगावयास नको.

कागदावर सारे यथास्थित होते. माता व बालकांच्या सेवा चालू ठेवाव्यात, असे केंद्रीय आरोग्य खात्याने 14 एप्रिलला कळविले. पण ज्या आशासेविकांनी गरोदर स्त्रीच्या दारी जावयाचे, त्यांना साथीच्या पाहणीस जुंपले होते. मासिक पाळीचे पॅड आवश्यक वस्तूंत मोडतात, हा खुलासा तर 29 मार्चला करावा लागला! यादी करणाऱ्यांस ते प्रथम सुचलेच नव्हते, यातच सारे आले.

आता कोणी म्हणेल, ही माणसे आज येथे, उद्या तेथे. त्यांची नोंद ठेवावी कशी? आमचा उलट प्रश्न असा, की धान्याची नोंद कशी ठेवता? गावच्या शिधापत्रिकेवर परराज्यात धान्य मिळण्याची सोय 2022 पर्यंत देशभर झाली. जे तांदुळास साधले, ते मातेस का साधू नये? तिचे कागद व बँकेचे खाते गावी राहते. पोट मात्र इथे वाढते.

प्रसूतीच्या रजेचा व भत्त्याचा कायदा हिंदुस्थानात प्रथम केला तो मुंबई इलाख्याने, 1929 साली, डॉ. आंबेडकरांनी कायदेमंडळात 1928 साली त्या विधेयकाची बाजू मांडली होती. आज ती रजा सव्वीस आठवड्यांची आहे, पण दहा वा अधिक माणसे कामास असतील तेथेच. आपल्या अंगावरील जीनच्या विजारीचे धागे घरी बसून, नगावर मजुरी घेऊन कापणाऱ्या उल्हासनगरच्या बाईस त्यातला एक दिवसही मिळत नाही.

आमचे मागणे तीनच कलमांचे आहे. गरोदर स्त्रीचे कार्ड कोणत्याही गावचे असो, प्रत्येक प्रसूतिगृहाने ते मानावे. पुढील साथीत प्रसूतीच्या खाटा, दाया व वाहने यांना दुसऱ्या कामी हात लावू नये. आणि घरी बसून काम करणाऱ्या स्त्रीलाही बाळंतपणाचा भत्ता मिळावा. हे दान नव्हे. तिच्या श्रमाची थकबाकी आहे. पुढची साथ पत्ता विचारून येणार नाही. तोवर आपण तो विचारण्याचे सोडले, तर बरे.